उत्तरेच्या स्टँडवरचे पांढरे दिवे

मोठ्या मैदानांवर गाण्यांचे कार्यक्रम होतात, त्यांची प्रकाशयोजना मी करते. ओळखीतले विचारतात, “म्हणजे दिवे लावता?” हो, दिवेच लावते. पण कुठला दिवा, कुठून, कोणत्या सुराला, किती वेळ, हे ठरवायला मला महिना लागतो आणि त्या महिन्यात शहाणा माणूस माझ्या वाटेला जात नाही.

दुसऱ्या शहरांत पंधरा वर्षं हे केल्यावर मला माझ्याच गावचं, रायपूरचं काम मिळालं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्यामुळे मी जरा जास्तच हट्टाला पेटले होते. दिवाळीच्या आधीचा आठवडा, शहराबाहेरचं स्टेडियम, मुंबईची गायिका. पहिल्या गाण्यासाठी मी उजेडाची भिंत रचली होती. मंचामागे पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या ओळींवर ओळी, समोरून तिच्या चेहऱ्यावर पांढरा झोत, आणि पहिला सूर लागला की सगळं एकदम. पुण्यात बंद खोलीत संगणकावर ते इतकं देखणं दिसायचं की मी जेवताजेवता उठून पुन्हा बघायची.

वाऱ्याचा वेग विचारला. पावसाचा अंदाज घेतला. सूर्य किती वाजता कुठल्या स्टँडमागे जातो तेही पाहिलं. विसरले फक्त माहो.

माहो म्हणजे धानावरचे तुडतुडे. दिवाळीच्या सुमाराला धान पिकू लागलं की अंधार पडतापडता ते दिव्यांवर असे तुटून पडतात की घास तोंडात घालण्याआधी बघावा लागतो. शहराबाहेर अभनपूरच्या बाजूला रस्त्याच्या दोन्हीकडे धानच धान, आणि आमचं स्टेडियम अशाच शेतांच्या शेजारी. मी या गावात वाढलेली बाई! बाहेरचा कुणी हे विसरला असता तर त्याला मीच हसले असते.

आदल्या संध्याकाळी तालमीला भिंत पेटवली. दहा मिनिटांत मंच तपकिरी दिसायला लागला. गायिकेनं तोंड उघडलं, लगेच मिटलं आणि खोकत पायऱ्या उतरली. तिची मॅनेजर माझ्याकडे आली. “दीदी, कल एक भी मुँह में गया तो वो गाना छोड़कर चली जाएँगी.” ती चिडलेली नव्हती, त्यामुळे मला जास्त धडकी भरली.

मग मी दिव्यांच्या फोरमनवर ओरडले. त्याचा काय दोष? भनपुरीच्या गोदामातून सगळे दिवे वेळेवर आणून त्यानं चोख टांगले होते. तो “हव दीदी” एवढाच होकार देऊन काचा पुसत राहिला. मला लाज वाटली, पण माफी मागायचं सुचलं नाही. एका जागी उभंच राहवत नव्हतं. मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि आईला फोन लावला. सल्ल्यासाठी नव्हे, कुणावर तरी चिडायचं होतं म्हणून.

आईनं सगळं ऐकून घेतलं. “काहून एवढी तडफडून राहिली वं? घरात माहो आले का आपण काय करतो? घरातले दिवे बंद, अन् आंगणात एक मोठा बल्ब. तसंच कर ना!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. उत्तरेचा वरचा स्टँड मंचापासून सगळ्यात लांब होता, आणि तो बंदच राहणार असं आयोजकांनी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही भिंत उतरवली आणि पांढरे दिवे त्या स्टँडच्या छताला नेऊन बांधले. मंचावर ठेवला फक्त पिवळसर, मंद उजेड. त्याच्याकडे माहो कमी येतात. महिन्याचं काम माझ्याच हातानं उचकटताना रडू येत होतं आणि घाईत तेवढाही वेळ नव्हता.

सूर्य बुडताच मी वरचे पांढरे दिवे लावले आणि मंच अंधारात ठेवला. पाऊण तास नखं कुरतडत बसले. माहो निघाले, आणि सगळे तिकडेच गेले. मी फोरमनला अक्षरशः मिठी मारली.

कार्यक्रमाला पंधरा मिनिटं उरली असताना उत्तरेच्या स्टँडचं फाटक उघडलं. ऐनवेळी स्वस्तातली तिकिटं विकली होती म्हणे. माणसं धावत वर चढली, बायका, पोरं, डब्यांच्या पिशव्या, आणि नेमकी त्या दिव्यांखाली बसली. माझा हात कन्सोलवर होता. दिवे बंद करायला एक बटण पुरे होतं. पण ते दाबलं तर सगळे माहो मंचावर येणार, हे मला माहीत होतं.

मी बटण दाबलं नाही. इथलीच माणसं आहेत, त्यांना सवय आहे, असं स्वतःला सांगितलं. गायिकेनं पहिला सूर लावला तो स्वच्छ लागला, आणि मैदान ओरडलं. मी दोनदा मागे वळून पाहिलं. वर लोकांनी गमछे, पदर डोक्यावरून ओढून घेतले होते. तिसऱ्यांदा वळले नाही. शेवटी मॅनेजरनं माझे हात धरले, आणि मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, फार खूश झाले.

सकाळी आईकडे उठले तेव्हा ती अंगणात कालची साडी झटकत होती. निऱ्यांमधून मेलेले माहो फरशीवर पडत होते.

“तुला तर पुढचा पास दिला होता,” मी म्हटलं.

“आपल्या पाऱ्यातल्या, शेजारच्या बायांनी वरची तिकिटं काढली होती. त्यांले सोडून मी एकटी पुढं बसू काय?” तिनं पदर उलटा करून पुन्हा झटकला. “स्टेज मात्र मस्त साफ दिसलं. गाणं बी चांगलं झालं.”

मी साडीचं दुसरं टोक धरलं.

“अन् तुले तिथून आम्ही दिसत होतो काय?”

नाही म्हणणं सोपं होतं. एवढ्या लांबून तोंडं कुणाची ओळखू येतात?

“दिसत होतात,” मी म्हटलं.

आईनं साडी दोरीवर टाकली आणि चहा ठेवायला आत गेली. मी तिथेच उभी राहून काठात अडकलेले माहो एकेक वेचत राहिले.