चहाच्या भोंग्यापुढे थांबलेली जोडी

शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) छत्री उघडायची नसते, हे मला मारेगावजवळच्या त्या माळावर कळलं. यवतमाळहून बसनं आलो, ऊन लागलं, उघडली. समोरची जोडी बिचकली.

"ओ बाबूसाहेब, मिटा ते! बैलं बुजून राह्यले!" पंच ओरडले.

छत्रीसकट मीही मिटलो.

आलो होतो मेव्हण्याच्या, किसनच्या जोडीसाठी. तिच्यातल्या पाखऱ्याचं वय झालं होतं. हा त्याचा शेवटचा पट. आमच्या धाकट्या लेकीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी असताना माझ्या बायकोनं, हिनं, त्या आईवेगळ्या वासराला बाटलीनं दूध पाजलं होतं. निघताना म्हणाली होती, "नीट पाहून या, अन् मले सारं सांगा."

किसनकडची भाकर, वांग्याची भाजी आणि नाकात पाणी आणणारा ठेचा खाल्ला, तोवर आमची पाळी आली. जोडी रेषेवर उभी राहिली, झेंडी वर गेली आणि जीपवरचा भोंगा गरजला, "थांबा! ऐका! एक पुडी, घरभर तरतरी!"

बक्षीस चहाच्या कंपनीचं. म्हणून दर चार जोड्यांनंतर जीप बोलायची आणि शर्यत थांबायची. माझ्या छत्रीवर ओरडणारे पंच भोंग्यापुढे गप्प.

"अरे पेतो बाबा तुहा चहा, पयले जोडी सोड!" शेजारचे आजोबा ओरडले. माळ हसला.

जाहिरात लांबली, तसा जोडी धरणारा गडी फुकटच्या चहाकडे सरकला. पाखऱ्या थरथरत होता. झेंडी पडायच्या आधी सुटला, तर जोडी बाद.

"भाऊजी, मानीवर हात ठेवा त्याच्या!" छकडीवरून (शर्यतीच्या हलक्या गाडीवरून) किसन ओरडला. "तो हालला त संपलं सारं!"

मी फायलींचा माणूस. शेळीलाही वाट देतो. पण गेलो. भोंगा गाणं म्हणत होता आणि हाताखाली ती गरम, घामेजली मान. पुटपुटलो, "अरे, मी तिच्याच घरचा." त्यानं माझ्या मनगटावर एक लांब श्वास सोडला आणि शांत उभा राहिला. गाणं संपेपर्यंत.

झेंडी पडली. बाजूला उडी मारताना मीही पडलो. उठून पाहतो तर नुसती धूळ. जोडी तिसरी आली, असं आजोबांनीच सांगितलं.

परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं, दिवसभरात धावणं पळभराचं, बाकी सगळं थांबणंच. आणि मला आठवत होतं तेही थांबणंच.

"कसा धावला?" दारातच हिनं विचारलं.

"धावताना पाहिलाच नाही गं. थांबला होता तेवढा वेळ मात्र..." तळवा तिच्यापुढं केला.

तिनं तो आपल्या दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "इतक्यात हात धुऊ नका."