पायलीवर लाल रेघ

संशोधनाचे लेख तपासणाऱ्या मशीनचा मला कंटाळा आलाय. कंटाळा कसला, वीट आलाय. पूर्वी एखादा खडूस परीक्षक असायचा, पण त्याच्याशी भांडता तरी यायचं. मशीनशी काय डोंबल भांडणार?

मी नागभीडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावची. तिची आई, मावश्या, सगळ्याच मोहफुलं वेचतात. कोणत्या झाडाखाली किती फूल पडतं, हाच तिचा विषय. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. उन्हाळा संपायच्या आत लेख छापायला मंजूर झाला नाही तर प्रबंध दाखल होणार नव्हता आणि तिची नोंदणीच रद्द होणार होती.

गावात बाया फुलं पायलीनं मोजतात, धान्य मोजतात त्याच मापानं. हिनं एका पायलीचं वजन केलं आणि बाकीच्या पायल्यांचा हिशेब त्यावरून लावला. लेखात तसं सरळ लिहिलंही होतं. पण इंग्रजी सुधारणाऱ्या प्रोग्रामनं पायलीखाली लाल रेघ मारली. असा शब्दच नाही म्हणे! पोरगी घाबरली आणि तिनं ते वाक्यच उडवलं.

मासिकाकडे लेख गेला. तिथं माणसाच्या आधी मशीन वाचतं. त्याचं उत्तर आलं, तेच ते आकडे पुन्हा येतात, बनवलेले असावेत. अहो, सगळे एका पायलीच्या पटीतले, तेच ते येणार नाहीत तर काय! आम्ही वाक्य परत घातलं. आता म्हणे, हे माप प्रमाणित नाही. आगीतून फुफाट्यात.

स्टाफरूममधले एक सर म्हणाले, "मॅडम, काऊन डोकं लावून राह्यले? पॉइंटच्या पुढचे आकडे थोडे इकडचे तिकडे करून टाका. मशीन खूश."

म्हणजे खरे आकडे खोटे ठरले, आणि खोटे केले की खरे! माझं डोकंच फिरलं. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "नाई मॅडम. मोह आता पडूनच राह्यला, हंगाम सरला नाई. मी पुन्हा मोजीन."

कॉलेजचा वजनकाटा बंद पडलेला. आमच्या अब्बांचं बाजारात दुकान आहे, धान्य आणि मोहफुलं घेतात. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा मी तिला दिला. अब्बा एवढंच म्हणाले, "ले जा बेटी, संभाल के."

आठवडाही झाला नसेल, ती काटा घेऊन परत आली. डोळे सुजलेले.

"झालं का गं?"

"नाई झालं. बायांनी टोपल्याच झाकून घेतल्या."

मला कळेचना. त्यांच्याच मांडीवर वाढलेली पोर! मग आई काय म्हणाली, ते तिनं सांगितलं. "काटा तं व्यापारी आणते, अन् काटा मारते. आमच्या पायलीवर तुले भरोसा नाई, तं तू बी त्याहीचीच झाली."

व्यापाऱ्याची लेक मी, तिला कोणत्या तोंडानं समजावणार? तरी म्हटलं, बघू, विद्यापीठात अर्ज करू, आणखी थोडी मुदत मागू.

"नोंदणी गेली तं गेली मॅडम," ती म्हणाली. "माय माह्याशी बोलून नाई राह्यली."