पडायचं काम

"काकू, आता जरा पडून दाखवा," दिग्दर्शक म्हणाला.

माझ्या आईला म्हणाला. सुर्ल्याहून, आमच्या खाणीच्या गावाहून, ती पहिल्यांदाच माझं शूटिंग बघायला पणजीला आली होती. सेटवर प्लायवुडचं तुळशीवृंदावन होतं. आईला काय ठाऊक? वृंदावन दिसलं तसं तिनं चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि चालू शॉटमध्ये एका अंगावर कलत कलत जाऊन हात जोडले. सगळे खो खो हसले. दिग्दर्शकानं तिला ते पुन्हा करायला लावलं. तिनं केलं. अगदी मनापासून केलं. तिला वाटलं, या शिकल्यासवरल्या माणसांना आपला नमस्कार आवडला. आणि मग हे. पडून दाखवा.

आईनं माझ्याकडं बघितलं. "पडू काय गो?"

अजून तो प्रश्न कानातून जात नाही.

मी टीव्हीवरची विनोदी नटी. गोवा राज्य झालं त्या सुमाराची मराठी मालिका. त्यात मी मोलकरीण. मालकीण ओरडली की मी ताटासकट आपटायचे. दर भागात. डिचोलीच्या बाजारात लोक मला बघून ओरडायचे, "पड गो, पड!" मीही हसायचे. एकदा दिग्दर्शकाला विचारलं, मीच का सारखी पडते? म्हणाला, "तुझ्याच तोंडाला शोभतं ते. तुझ्या बोलण्याला खाणीची माती लागलीय." तेही हसण्यावारी नेलं. काय करणार? पोट पाठीला लागलं होतं.

आई शेजाऱ्यांकडं बसून मालिका बघायची. मी पडले की सगळे पोट धरून हसायचे. आई नाही. मी घरी आले की आधी माझी कोपरं चाचपायची. "लागला नाय मा तुका?"

"खोटाच असता गे ता," मी म्हणायचे.

खोटं! ती स्वतः खाणीवर मातीची पाटी घेऊन पडली होती. कंबर गेली ती गेलीच. वाकडी चालायची ती त्यामुळं. ती पडली तेव्हा मुकादम हसला होता म्हणे.

आणि आता माझ्या भाकरीसाठी ती पुन्हा पडायला तयार होती. हात टेकायला खाली वाकलीसुद्धा.

मी तिचा दंड धरला. "ती पडणार नाही."

"मग तू पड," दिग्दर्शक म्हणाला. "त्यासाठीच तर ठेवलंय तुला."

"मीपण नाही पडणार."

मी आईच्या पायात चपला सरकवल्या आणि तिला घेऊन बाहेर पडले. पुढच्या भागात दुसरी मोलकरीण आली. तीही आपटत होती. लोक हसत होते.

आईला मात्र काहीच उमगलं नाही. परतीच्या बसमध्ये पदर तोंडाला लावून रडली. "माझ्यापायी तुझा काम गेला गो." किती समजावलं, पटलंच नाही. मरेपर्यंत तेच बोलत राहिली. तेच मनात घेऊन गेली. माझा जीव तुटतो तो यासाठी.

अजून नाटकवाले येतात. "तुमचं ते पडणं ठेवूया, पब्लिकला आवडतं," म्हणतात. मी तोंडावर सांगते, हसवीन. लोकांचं पोट दुखेपर्यंत हसवीन, माझा धंदाच आहे तो. पण माझी मोलकरीण उभी राहून बोलेल आणि मालकिणीला ते ऐकून घ्यावं लागेल. जमत नसेल तर उठा, चहा दुसरीकडे प्या.