न पाहिलेल्या सहा उल्का

मला मोजायला कुमुदताई आरोलकरांनी शिकवलं. आकडे मला येत होते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तोही बी.एस्सी. पण जे दिसलं तेवढंच लिहायचं आणि काही दिसलं नाही तर तसंही लिहायचं, हे मला जतच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं आणि मुंबईच्या कॉलेजातही नाही. ते मी परळच्या त्यांच्या दोन खोल्यांत शिकलो. आज शिक्षक म्हणून माझ्या हातून जे काही बरं होतं, त्यातलं बरंचसं त्यांचं आहे. आणि याच बाईंना मी एकदा फसवलं. ते सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी लिहिणं मला जमणार नाही.

दीड महिन्यापूर्वी गिरगावातल्या आमच्या शाळेत दुसरा तास संपत आला असताना त्यांच्या भाच्याचा फोन आला. "मावशी पहाटे गेली. झोपेतच गेली." मी वर्गात परत गेलो आणि फळ्यावर अर्धवट राहिलेली भिंगाची आकृती पुरी केली. दुसरं काय करावं ते सुचेना...

आमची ओळख नायगावच्या एका अभ्यासिकेत झाली. तेव्हा मी लालबागला मामाकडे राहत होतो. एका खोलीत आठ माणसं, म्हणून संध्याकाळी पुस्तकं घेऊन तिथे जाऊन बसायचो. तिथल्या फलकावर एक दिवस सुबक हस्ताक्षरातला कागद दिसला. 'उल्का मोजायला माणसं हवीत. दुर्बीण लागत नाही. जागता आलं पाहिजे.' खाली परळचा पत्ता. मी गेलो तर दार उघडलं ते साठीच्या, बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाईंनी. पालिकेच्या कार्यालयात नोंदवह्या सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

"कुठला रे तू?"

"जतचा."

"तिकडे अजून काळोख असतो?"

"भरपूर."

"मग तारे ओळखीचे असतील."

"चेहऱ्याने ओळखतो. नावं माहीत नाहीत."

त्या हसल्या. "नावं मी सांगते. बस. चहात साखर किती?"

पहिल्या खेपेला आम्ही नऊजण होतो. मुरबाडच्या पुढे एका गावात शाळेचं मैदान होतं, तिथले हेडमास्तर ताईंच्या ओळखीचे. एसटीने जायचं, सतरंज्या पसरायच्या, आडवं व्हायचं आणि आकाशाचा आपापला तुकडा वाटून घ्यायचा. ताईंनी प्रत्येकाला कागदाचा एक अरुंद रोल आणि पेन्सिल दिली होती. उल्का दिसली की वर बघतच, चाचपडत लिहायचं. किती वाजता, किती तेजस्वी, कुठल्या दिशेने. खाली बघायला बॅटरी लावली की डोळ्यांना सरावलेला काळोख मोडतो. सकाळी रोल उलगडला की ओळी एकमेकींवर चढलेल्या असत आणि त्या सोडवून मोठ्या तक्त्यात उतरवायचं काम असे. त्या तक्त्यात उल्कांइतकेच बाकीचे रकाने महत्त्वाचे. सगळ्यांत अंधूक तारा कुठला दिसला, ढग किती होते आणि मध्ये किती मिनिटं आपण आकाशाकडे बघत नव्हतो.

त्या रात्री तीन तासांत मला सात उल्का दिसल्या. मी खट्टू झालो. "आणि एकही दिसली नसती तर?"

"तर शून्य लिहायचं. पण ढग होते म्हणून शून्य, की आकाश स्वच्छ असून शून्य, हेही लिहायचं. ती दोन शून्यं वेगळी."

तिसऱ्या महिन्यापर्यंत नऊजणांचे तिघे उरले. लोकांना मोठं काहीतरी हवं असायचं. आकाश उजळून टाकणारा अग्निगोल, बातमीत येणारा. मलाही हवा होताच. एकदा लालबागच्या पुलाखालून चालताना मी ताईंना म्हटलं, "एक फायरबॉल दिसला तर या शंभर बारक्या उल्कांपेक्षा जास्त कळेल ना?" त्या थांबल्या. "गणपतीतली गर्दी बघून लालबागेत राहतात किती माणसं ते सांगशील? त्यासाठी एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी दुधाच्या रांगेशी उभं राहायला लागतं. दर मंगळवारी." मग चालू लागल्या. उल्कांचा प्रवाह यंदा दाट आहे की विरळ, त्याचा भर पुढे सरकला की मागे, हे असं साध्या रात्रीही मोजत राहिल्यानेच कळतं. जगभरातले हौशी लोक आपले तक्ते परदेशातल्या एका संस्थेकडे पाठवतात. ताई वीसेक वर्षं पाठवत होत्या. त्यांचा खास जीव दिवाळीनंतरच्या काळोख्या रात्रींवर. वृषभ राशीच्या बाजूने तेव्हा तुरळक, संथ उल्का येतात. कुणी फिरकत नाही, म्हणूनच त्या जायच्या. त्या रात्री त्यांनी एकाही वर्षी चुकवल्या नव्हत्या.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर त्या जिन्यात पडल्या आणि उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला. मला बोलावून त्यांनी रोल हातात दिला. "यंदा तुझे डोळे." एवढंच म्हणाल्या. बरोबर दोन नवे विद्यार्थी होते, पण त्यांचे आकडे अजून पाठवण्याजोगे नव्हते. त्या वर्षाची जागा माझ्या एकट्याच्या तक्त्याने भरायची होती.

आणि नेमका मी मुरबाडला गेलो त्याच रात्री, तीन वाजून सात मिनिटांनी, पश्चिमेला अग्निगोल दिसला. हिरवट पांढरा. मैदानावर आमच्या सावल्या पडल्या आणि सरकल्या. आम्ही तिघे ओरडत उठलो. आकाशात धुराची रेघ राहिली होती, तिचे फोटो काढले, मित्रांना उठवून फोन केले. मी पुन्हा आडवा झालो तेव्हा तीन वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

सकाळी कल्याणच्या स्टँडवर तक्ता उतरवताना ते चोवीस मिनिटांचं भगदाड समोर आलं. ताईंनी पहिल्यांदा विश्वासाने काही सोपवलं होतं आणि तिथेच मी उठून उभा राहिलो होतो. मी त्या जागी सहा उल्का लिहिल्या. दोन ठळक, चार अंधूक, साधारण आदल्या तासासारख्या. रोल फाडून स्टँडवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी परळला पोचलो तर वरच्या मजल्यावरचे डिमेलो अंकल ताईंसमोर बसले होते. खोकल्याने त्यांची झोप मोडली होती आणि अग्निगोल त्यांनाही दिसला होता.

"बाई, मुरबाडला कशाला जायचं? तो इकडेच आला होता. हाजीअलीला पाण्यात पडला. मी माझ्या डोळ्यानं बघितला."

"तुमच्या गॅलरीतून हाजीअली दिसते?"

"दिसत नाय. मध्ये टॉवर आहे ना."

"मग?"

"पण गेला तिकडेच ना, बाई."

"दिसला ते तुमचं. पडला ते राहू द्या," ताई म्हणाल्या. "वर जा, काल उभे होता तिथेच उभे राहा, हात लांब करा आणि टॉवरच्या गच्चीपासून किती मुठी वर होता ते मोजा."

"ह्या वयात मुठी मोजायला लावते," असं पुटपुटत ते गेले आणि दोन मिनिटांनी जिन्यातून आवाज आला, "अडीच."

ताईंनी अडीच मुठी लिहून घेतल्या. अग्निगोलाला त्या कमी लेखत नव्हत्या. एकाने पाहिला तर ती सांगायची गोष्ट. दोन ठिकाणांहून वेळ आणि दिशा मिळाली की त्याचा मार्ग काढता येतो, असं त्या समजावत. मग त्यांनी माझा तक्ता हातात घेतला. बराच वेळ बघत होत्या.

"तो अग्निगोल दिसल्यावर उठून किती वेळ उभे होतात?"

"एकदोन मिनिटं, ताई."

"रोल कुठाय?"

"दवाने भिजला. फाटला."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तक्ता फायलीत ठेवला आणि म्हणाल्या, "जेवून जा. तिसऱ्यांची आमटी केलीय, शिंपल्यांची."

पुढच्या आठवड्यात मी काढलेला त्या रेघेचा फोटो पेपरात आला. जतला शाळेने सत्कार केला. बाजार समितीत मापाडी असलेले माझे वडील पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मला त्यांच्याकडे नीट बघवलं नाही. ताईंकडे मी जात राहिलो, मोजत राहिलो, पण त्या फायलीकडे माझी नजर जाऊ नये म्हणून दुसऱ्या खुर्चीत बसायला लागलो. सांगितलं तर हे घर मला बंद होईल, असं वाटायचं. मुंबईत मला दुसरं घर नव्हतं.

या वर्षीच्या सुरुवातीला मी शाळेतल्या काही मुलामुलींना मोजणीला नेलं. सकाळी नववीतली प्रणाली तक्ता घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "सर, मला मध्ये डुलकी लागली. वीस मिनिटं काहीच लिहिलं नाहीये. अंदाजाने भरू का?"

"नको," मी म्हटलं. "झोपले होते असं लिही."

"असं चालतं?"

"तेच चालतं."

तिने लगेच खाली बसून लिहिलं आणि डबा उघडला. तिला त्यात काहीच जड वाटलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी ताईंना पत्र लिहिलं. गिरगावाहून परळ ते किती लांब... पण समोर बसून बोलायचं धैर्य नव्हतं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता, आजार तेव्हा सुरू झालेला होता. "पत्र पोचलं. मला माहीत होतं रे."

"कसं?"

"तुझ्या त्या सहा उल्का. दर चार मिनिटांनी एक. एसटीसुद्धा इतकी वेळेवर येत नाही."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं होतं की. दोनदा." मग म्हणाल्या, "तो तक्ता मी पाठवला नाही. त्या वर्षाची जागा मोकळीच ठेवलीय. ये रविवारी, नीट करून पाठवू."

म्हणजे वीसेक वर्षांत एकही वर्ष न चुकवलेल्या त्या बाईंनी चार वर्षं आपल्या नोंदीतली ती जागा मोकळी ठेवली होती. खोटं पाठवलं नाही, आणि मलाही कुणापुढे खोटं पाडलं नाही. त्या रविवारी मी गेलो. सहा ओळींवर त्यांनी मला रेघ मारायला लावली, बाजूला सही करायला लावली आणि तक्ता पाठवला. डिमेलो अंकलच्या अडीच मुठीही त्याबरोबर गेल्या.

गेल्या आठवड्यात भाच्याने त्यांच्या फायली माझ्या स्वाधीन केल्या. त्या वर्षाच्या तक्त्यामागे माझं पत्र टाचलेलं होतं. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: 'दुरुस्ती. निरीक्षकाने स्वतः कळवली.' त्यांच्या दृष्टीने ते पत्र नोंदीचाच भाग होतं, म्हणून इथे जसंच्या तसं देतो.

'तीर्थस्वरूप कुमुदताईंना सा. नमस्कार.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी तुम्हाला दिलेला तक्ता चुकीचा आहे. अग्निगोलानंतरच्या सहा उल्का मी पाहिलेल्या नाहीत. त्या मी सकाळी कल्याणच्या स्टँडवर बसून लिहिल्या. रोल भिजला नव्हता, मीच फाडला. तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोललो. तुमचं वर्ष माझ्यामुळे बुडू नये असं वाटलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर तुमच्या नजरेतून उतरायची भीती होती.

तुम्ही यापुढे मला तक्ते करू दिले नाहीत तरी माझी तक्रार नसेल. फक्त एवढी दुरुस्ती करून घ्या. तीन वाजून सात ते तीन वाजून एकतीस, निरीक्षण नाही. आकाश स्वच्छ होतं. त्या वेळात उल्का पडल्या असतील किंवा नसतील. मी बघत नव्हतो.

आपला,
संदीप'