शेपटाकडून वाचलेली लॅटिन

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यभर एका वर्तमानपत्राच्या अनुवाद विभागात काम केले आणि निवृत्तीनंतर तो घनसावंगीला परतला. इंग्रजी बातमी मराठीत आणताना तो वाक्य शेपटाकडून उचलायचा. शेवटचे तुकडे आधी, सुरुवातीचे नंतर. मीही त्याच्याच टेबलावर शिकलो. घाईच्या वेळी ही पद्धत उपयोगी पडायची.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीला युरोपात प्राचीन इतिहास शिकायला प्रवेश मिळाला. अट एकच होती, लॅटिनची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण होण्याची. ती मोबाइलवरच्या वर्गातून शिकत होती. भावाला लॅटिन येत नव्हती, तरी संध्याकाळी ओसरीवर शब्दार्थ बघून तो तिच्याकडून वाक्ये मराठीत करून घेई.

परीक्षेच्या आठवड्यात मी तिथे होतो. वाक्य होते, ‘अग्रिकोला एक्वुम विदेत’. अग्रिकोला म्हणजे शेतकरी, विदेत म्हणजे पाहतो. भावाने सवयीने मागून सुरुवात केली आणि सांगितले, “घोडा शेतकऱ्याला पाहतो.”

वहिनी तुरीच्या शेंगा सोलत होती. “घोडा बघून राह्यला? मंग शेतकरी काय चरून राह्यला?”

“तू शेंगा सोल,” भाऊ म्हणाला.

पुतणीने वाक्य तसेच वहीत उतरवले. नंतर अंगणात मला म्हणाली, “काका, वर्गात माझी वाक्यं उलटी निघतेत. पण अप्पांना कसं सांगू? दुपारपासून माझी वाट बघतेत.”

“परीक्षा कोणाची आहे?” मी विचारले.

दुसऱ्या दिवशी तिने तीन चिठ्ठ्यांवर तीन शब्द लिहून ओसरीवर मांडले.

“अप्पा, एक्वुम म्हणजे घोड्याला. शेवटचा ‘उम’ म्हणजे आपला ‘ला’, शब्दाला चिकटलेलाच आहे. चिठ्ठी कुठंबी ठेवा, बघणार शेतकरीच. आपण न्हाई का म्हणत, ‘घोड्याला शेतकरी बघतो’?”

भावाने चिठ्ठ्या स्वतः हलवून पाहिल्या. पुढे, मागे, मध्ये.

“बराबर आहे,” तो म्हणाला. “इतके दिवस बोलली का न्हाईस?”

“तुम्ही शिकवायचं सोडलं असतं.”

“सोडून जातेत कुठं?” वहिनी म्हणाली. “चहा व्हायचाय अजून.”

परीक्षा जालन्याला झाली. ती उत्तीर्ण झाल्याचे कळले त्या संध्याकाळी भाऊ नेहमीच्या वेळेला ओसरीवर येऊन बसला.

“जायला अजून वेळ आहे तुला,” तो मुलीला म्हणाला. “पुढचा धडा काढ. आता वाक्य तू द्यायचं, मी करतो.”