जज्जसाहेबांचा पाय उचलला तेव्हा

सुरतेच्या कोर्टात मंचेरशा लाकडावाला वकील उभे राहिले की ऐकायला गर्दी व्हायची, आणि मैदानात स्टंपांमागे वाकले की त्याहून जास्त. चेंडू झेलून झेलून बोटं वाकडीतिकडी झालेली. उलटतपासणीत तीच बोटं ते साक्षीदारासमोर नाचवायचे. त्याचं लक्ष उडालं की नेमका प्रश्न टाकायचे.

त्या हिवाळ्यात पारशी क्लबाचा सामना साहेब लोकांशी ठरला. साहेबांचे कप्तान मॉर्टिमर, म्हणजे जिल्ह्याचे जज्ज. त्यांच्याच पुढे सोमवारी मंचेरशांचा खटला होता. गुलबाई नावाच्या विधवेला तिचा दीर राहत्या घरातून काढू पाहत होता.

चहाच्या सुट्टीत गुलबाई थेट तंबूत आल्या. हातात भाकऱ्यांचा, म्हणजे तळलेल्या गोड पारशी वड्यांचा, डबा, चेहरा उतरलेला.

"डीकरा, त्या जज्जला आउट करू नको. मोठा खुनशी माणूस आहे म्हणतात. राग माझ्या घरावर काढेल."

"मासी, निकाल कायद्याने लागतो."

"आणि कायदा वाचणाऱ्याचं डोकं तापलं तर?"

 मंचेरशांनी एक भाकरा तोंडात टाकला आणि मैदानाकडे निघाले.

उन्हं कलली तेव्हा साहेबांना चार धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. समोर मॉर्टिमर. मैदानाभोवती श्वास घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. मंचेरशांनी मनाशी ठरवून टाकलं, चेंडू आला तर हातून सुटू द्यायचा.

जालभाईने हळू, उंच चेंडू टाकला. मॉर्टिमर पुढे सरसावले, चुकले, आणि मागचा पाय जरासा उचलला गेला. तेवढ्यात मंचेरशांच्या हातांनी स्टंप उडवलेही होते. ओरडलेही मंचेरशाच, सगळ्यात मोठ्याने.

पंच घुटमळला. तो साहेबांच्याच कचेरीतला.

"माझा पाय हवेत होता," मॉर्टिमर म्हणाले आणि बॅट काखेत मारून चालू लागले. पोरं, म्हातारे, टांगेवाले, सगळे मैदानात घुसले. मंचेरशांना खांद्यावर घेऊन शहरभर मिरवलं.

सोमवारी निकाल गुलबाईंच्या विरुद्ध गेला.

"सांगत होते ना, मुआ," गुलबाई कोर्टाच्या पायरीवरच बसल्या. "तुझे हात तोडून ठेवायला हवे होते."

मंचेरशा त्याच आठवड्यात मुंबईला गेले. हायकोर्टात त्यांनी दिराने पुढे केलेलं गुलबाईंच्या नवऱ्याचं मृत्युपत्र असं काही सोलून काढलं की पलीकडचा बॅरिस्टर खालीच बसला. घर गुलबाईंचं राहिलं.

मॉर्टिमरांनी तो निकाल रागाने दिला की नुसतेच चुकले, हे मंचेरशांना कधी कळलं नाही. पुढच्या हिवाळ्यात मॉर्टिमर पुन्हा खेळायला आले. पहिल्याच षटकात मंचेरशांनी त्यांचा झेल टिपला. त्या वेळी मात्र मन आणि हात एकाच बाजूला होते.