अण्णांचं ओलं पोतं

“खिसा.”

विमानांच्या शेडच्या दारात अण्णा एवढंच म्हणायचे आणि दोन बोटं समोरच्याच्या खिशावर टेकवायचे. काडेपेटी, लायटर, मोबाइल, जे असेल ते दारातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि मगच आत पाऊल. मेकॅनिक असो, पाहुणा असो की मालक. मी तिथल्या स्टोअरचा आणि बिलांचा माणूस, रोजचा. तरी रोज खिसा. “अण्णा, मी विडीसुद्धा ओढत नाही हो,” म्हटलं तर म्हणायचे, “काल वढत नव्हता. आजचं मला काय म्हाईत?”

सोलापुरात विमानं दुरुस्त होतात हे बऱ्याच सोलापूरकरांनाही ठाऊक नाही. आमच्याकडे यायची ती शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं. त्यांच्या पंखांत पेट्रोलची टाकी असते. काम करण्याआधी ते पेट्रोल काढावं लागतं, आणि शेडमध्ये त्याचा वास भरून राहतो. चार-आठ दिवसांत नाकाला त्याची सवय होते. सवय झाली की धाक जातो. तो जाऊ नये यासाठी अण्णांना पगार होता.

ते कर्नाटकच्या सीमेलगतच्या मैंदर्गीचे. कपाळावर विभूती, दर सोमवारी सिद्धरामेश्वराचं दर्शन, आणि फार चिडले की मराठी संपून कानडी सुरू. भिंतीकडेला वाळूच्या लाल बादल्या आणि दाराशी पाण्याच्या टबात भिजत घातलेलं गोणपाट, हा त्यांचा संसार. वाळूत कोणी पान थुंकलं की ते घरून आणलेल्या चाळणीने ती वाळू चाळत बसायचे आणि थुंकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पाठीमागे सगळे त्यांना वाळूअण्णा म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. तुम्हीही त्यांच्या हाताखाली महिनाभर काढला असता तर म्हणाला नसता. एकदा लग्न ठरलेलं एक जोडपं विमानापुढे फोटो काढायला आलं. फोटोग्राफरने पिशवीतून रंगीत धुराची नळकांडी काढली. अण्णांनी ती हिसकावून घेतली. “लगीन तर होऊ द्या की आदी!” मुलगी रडायला लागली, मुलाकडचे भांडायला उठले. अण्णा दारातून हलले नाहीत. घरीही हेच. त्यांच्या मंडळी मला सांगत होत्या, “आमच्या लग्नात मला ओवाळत होते, तर ह्यांचं ध्यान मांडवाच्या कापडाकडं.”

पण एक दुपार मी विसरत नाही. चादरीच्या कारखान्यांतून उरलेल्या सुताच्या, कापडाच्या चिंध्या आमच्याकडे पुसायला येत. त्या दिवशी वार्निश पुसलेल्या चिंध्या कोणीतरी कोपऱ्यात ढीग करून टाकल्या होत्या. अण्णांनी माझा हात धरला आणि त्या ढिगात खुपसला. आत ऊब होती. बाहेरच्या उन्हाची नव्हे, आतली, वार्निशची, हळूहळू वाढत आपोआप पेट घेणारी.

“कोंबडी बसलीय बघा अंड्यावर,” ते म्हणाले. “हितं पिल्लू निघालं की घरी कोणी जात न्हाय.”

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी सगळ्या सोलापुरात मागापासून रिक्षापर्यंत प्रत्येक यंत्राची पूजा होते. आमच्या विमानांचीही व्हायची. हळदकुंकू आणि झेंडूची फुलं आत, दिवा-कापूर मात्र बाहेर लिंबाच्या झाडाखाली, ही अण्णांनी घातलेली रीत. थोरल्या मालकांनी ती पाळली. ते गेले आणि कारभार मुलाकडे आला. पहिल्याच खंडेनवमीला धाकटे साहेब आईंना घेऊन आले. बाहेर वारा होता. ज्योत टिकेना. आई तबक घेऊन, ज्योतीला पदराचा आडोसा करून सरळ आत निघाल्या.

सकाळीच एका विमानाची गळकी टाकी रिकामी केली होती. पंखाखाली पसरट भांडं होतं, त्यात शेवटचं पेट्रोल ठिबकत होतं. आई नेमक्या त्याच विमानाकडे चालल्या.

“ब्याड! ब्याडरी!”

नको, नको असं कानडीत ओरडत अण्णा पळत आले आणि टबातलं ओलं पोतं त्यांनी तबकावर टाकलं. दिवा, कुंकू, पेढे, सगळं त्याखाली गेलं. एक मेकॅनिक खुसकन हसला. अण्णांनी आईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आई, देवाची समजूत मी घालतो. पेट्रोलची कुणालाच घालता येत न्हाय.”

आई पदराचं पाणी पिळत राहिल्या.

मी साहेबांना सांगितलं, अण्णांचं चुकलं नाही. साहेब म्हणाले, “नियम बरोबर आहे हो. माणूस बरोबर नाही. सणाला माझ्या आईच्या हातातली आरती विझवली त्यानं.” दिवाळीनंतर अण्णांचा करार वाढवला नाही. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. ते कोणापुढे गेले नाहीत. दारातला डबा पुसून ठेवला आणि मैंदर्गीच्या एसटीत बसले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. काम मेकॅनिकांनी आपसांत वाटून घ्यावं असं ठरलं.

पुढच्या खंडेनवमीला दिवा आतच लागला. आई दारात थबकल्या.

“ते पोतंवाले कुठं आहेत?”

“गावी गेले, आई,” साहेब म्हणाले.

“मग आता बघतंय कोण?”

आरती झाली, फुलं उधळली, पेढे वाटले. काही झालं नाही. “बघा,” साहेब मला म्हणाले, “उगाच बाऊ करायचे अण्णा.”

सगळे लवकर घरी गेले. मी स्टोअरला कुलूप लावत होतो, तेवढ्यात अण्णांचा फोन आला. सणाचं विचारतील असं वाटलं.

“स्टोअरसाहेब, दिवा कुटं लावला?”

“आत.”

“टाकी रिकामी केलेलं इमान हाय का शेडात?”

“आहे एक.”

“पंखाखालचं भांडं झाकलं व्हतं?”

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

“बघून या. मी थांबतो. फोन भाईरच ठेवा.”

मी फोन त्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि आत गेलो. पंखाखाली भांडं होतं. झाकण शेजारी भिंतीला टेकवलेलं. भांड्यात निम्म्यावर पेट्रोल, आणि पेट्रोलवर झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या.

झाकण लावून बाहेर आलो. फोन चालूच होता.

“झाकण लावून आलो, अण्णा,” मी म्हणालो.

“आता चिंध्यांचा कोपरा बघून या,” अण्णा म्हणाले. “मी थांबतो.”